मोठीमायच्या गळ्यातले दोन ठिपके

सुरुवातीलाच माफी मागतो. आपण काही लिहावं, आणि ते लोकांनी वाचावं, एवढी माझी पात्रता आहे असं मला वाटत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. उत्तरपत्रिकेपलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही, आणि तिथेही निबंधात मला गुण कमीच पडायचे. शिवाय मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे, डॉक्टर नाही. आजाराबद्दल जे सांगेन ते मला समजलं तेवढंच. तरी लिहितो आहे, त्याचं कारण एवढंच की ही गोष्ट तोंडी सांगायला घेतली की मोठीमाय मध्येच बोलायला लागते आणि मला शेवटापर्यंत पोहोचूच देत नाही.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमचं गाव वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, किन्हीराजाच्या अलीकडे. माझे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि ऊन तापल्यावर परत येतात. मी शाळेत जायच्या वयाचा झालो तेव्हा मोठीमाय त्यांना म्हणाली होती, "पोट्टं माह्यापाशी ठेवा. तुमच्यासंगं हे फिरलं तं याची शाळा बी फिरत राहीन." तिला स्वतःचं मूल नाही. मी तिच्याकडेच वाढलो, तिच्या हातचं खाल्लं, आणि मुख्य म्हणजे तिचं बोलणं ऐकत मोठा झालो.

तिच्या बोलण्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं. मोठीमाय बसमध्ये बसली की दुसरा थांबा यायच्या आत शेजारच्या बाईचं माहेर, सासर आणि गुडघेदुखी तिला माहीत झालेली असते. शेजारी माणूस बसलेला आणि आपण त्याचं गाव विचारलं नाही, ही गोष्ट तिला अपमानासारखी वाटते. त्याचा अपमान, स्वतःचा नव्हे. माझे मोठेबा, म्हणजे तिचे मालक, फार कमी बोलतात. कोणी कारण विचारलं तर म्हणतात, "जागाच नाही ना बावा मंधात."

आणि दुसरं म्हणजे तिचा गळा. भादव्याच्या पौर्णिमेला आमच्याकडे भुलाबाई बसते. कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी जमतात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा असतो. डबा उघडायचा नाही. फक्त हलवून आवाज ऐकायचा आणि "गोड का खारं?" असं विचारायचं. आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरींना ही गाणी मोठीमायनेच शिकवली आहेत. काहींच्या आयांनासुद्धा. तिच्या डब्यातला खाऊ ओळखणं मात्र कठीण, कारण ती आतून फडकं गुंडाळते, म्हणजे काही वाजतच नाही.

आषाढात तिला गळ्यातली पोत टोचायला लागली. पोत तीच, मणी तेच, दोरा तेवढाच. "मी लठ्ठ होऊन राह्यली वाटते," ती म्हणाली. पण बाकी अंग वाळत होतं आणि फक्त मान भरत होती. वाशीमच्या डॉक्टरांनी मानेला हात लावला आणि लगेच नागपूरला जायला सांगितलं. तिथे गाठीचा तुकडा काढून तपासला. लिम्फोमा निघाला. रसग्रंथींचा कॅन्सर.

कागदावर काय लिहिलंय ते सगळ्यांना मीच सांगायचं होतं. इंग्रजी वाचणारा मी एकटाच. मी ते वाचलं आणि बराच वेळ पुन्हा वाचत असल्यासारखं करत राहिलो. शेवटी मोठीमायच म्हणाली, "एवढं काय लेहेलं हाय त्याच्यात? सांगून टाक. म्याच वाढवलं ना तुले, मले काय भेतं?"

मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मी तिला गप्प पाहिलेलं ते पहिल्यांदाच.

नागपूरच्या डॉक्टर मॅडम मात्र घाबरवणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं की हा आजार बऱ्याचदा औषधाला चांगली दाद देतो. पण दाद देतोय की नाही हे मधेच तपासून बघावं लागतं. त्यासाठी औषध सुरू करण्याआधी एक पेट-सीटी स्कॅन, आणि काही फेऱ्या झाल्यावर दुसरा. दोन्ही चित्रं शेजारी ठेवायची. फरक दिसला तर तेच औषध पुढे. नाही दिसला तर औषध बदलायचं, आणि मग ती वाट जास्त कठीण.

पहिल्या स्कॅनच्या आधी मोठीमायने मला विचारलं की ही मशीन नेमकं करते काय. मी रात्रभर मोबाइलवर वाचून ठेवलं होतं. म्हटलं, "सुईतून एक प्रकारची साखर देतात. त्या साखरेला किरणांची खूण लावलेली असते. आजाराच्या पेशी हावरट असतात, त्या साखर जास्त ओढून घेतात. मग जिथे साखर जमते तिथे चित्रात उजेड दिसतो. सीटी सांगते गाठ कुठे आहे, केवढी आहे. आणि पेट सांगते ती जिवंत आहे का."

"कापत नाहीत?"

"नाही. बाहेरूनच."

तिने जरा विचार केला. "म्हंजे डबा न उघडता खाऊ ओयखाचा."

मी इतकं वाचलं होतं, पण इतकं साधं मला सुचलं नव्हतं.

पहिल्या चित्रात मान, काख आणि छाती पिवळीधमक पेटलेली होती. मोठीमाय पडद्याकडे बघून म्हणाली, "दिवाळीच हाय की बाप्पा!" आणि डॉक्टर मॅडमना हसावं की नाही ते कळेना.

मग औषधाच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्या दिवसांबद्दल मी फार लिहीत नाही. तिचे केस गेले, तोंडाची चव गेली, दोन-तीन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडायची. चौथ्या दिवशी उठून ओट्यावर यायची आणि मागच्या तीन दिवसांचं बोलणं भरून काढायची. डोक्याला मोठेबांचा दुपट्टा बांधायची. गल्लीतल्या एका लहान पोरीने विचारलं, "मोठीमाय, तुहे केस कुठं गेले?" तर म्हणाली, "धुवाले टाकले. वाळले की येतीन." हळूहळू पोत सैल झाली. आम्ही सगळे ती पोत बघायचो. पण बघून कळत नाही, हे मॅडमनी सांगितलेलं होतं. गाठ लहान होते तरी आत थोडी जिवंत असू शकते, आणि कधी मोठी दिसते पण आतून मेलेली असते. म्हणून दुसरा स्कॅन.

तो भुलाबाई बसल्यावर आला. मोठीमायला याचंच जास्त वाईट वाटलं. "दोन दिवस पोरी काय म्हनतीन? त्याइले तिसरं गाणं अजून पाठ नाही."

स्कॅनचे नियम मला पाठ होते. आदल्या दिवशी कष्टाचं काम नाही. सकाळपासून उपाशी, फक्त पाणी. निघताना शेजारची काकू दही-साखर घेऊन दारात उभी, चांगल्या कामाला निघाल्यावर हातावर द्यायला. मी मधे आडवा झालो. काकू रागावली. मोठीमाय म्हणाली, "राहू दे वो, साखर तिकडेच देऊन राह्यले आज. सुईतून."

तिथे रक्तातली साखर मोजली, सुई दिली, आणि सिस्टर म्हणाल्या की आता तासभर आतल्या खोलीत शांत पडून राहायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. जो स्नायू काम करतो तो ती साखर ओढून घेतो आणि मग चित्रात नको तिथे उजेड दिसतो. मी ते वऱ्हाडीत पुन्हा सांगितलं. "एक तास बोलू नोको. एक शब्द बी नाही." तिने पदर तोंडावर धरून मान हलवली आणि आत गेली. बाहेर मोठेबा बाकावर बसले होते. घड्याळाकडे बघत म्हणाले, "एक तास? तिनं?" आणि एवढ्या ताणातही आम्हा दोघांना हसू आलं.

ती बाहेर आली तेव्हा खुशीत होती. संध्याकाळपर्यंत लहान मुलांपासून आणि गरोदर बायांपासून लांब राहायला सांगितलं होतं. धर्मशाळेच्या आवारात एक छोटा मुलगा तिच्याकडे पळत आला तर ती लांबूनच ओरडली, "तिकडंच राह्य रे राजा, आज मी पेटेल हाव!"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दोन्ही चित्रं शेजारी लावली. डावीकडे दिवाळी. उजवीकडे अंधार. इतका सुंदर अंधार मी आजवर बघितलेला नाही. मेंदू उजळ होता, मूत्रपिंडं आणि मूत्राशय उजळ होतं. ते सगळ्यांचं तसंच असतं, मॅडम म्हणाल्या. मोठीमाय म्हणाली, "डोस्कं चालू हाय म्हना माहं." मॅडमनी छातीतली जागा दाखवली. गाठीचा छोटा अवशेष तिथे होता, पण त्यात उजेड नव्हता. त्यांनी यकृताचा रंग दाखवला; तो मापासाठी धरतात. गाठीचा रंग त्याहून फिका होता. "गाठ उरली आहे, पण तिला भूक नाही."

"उपाशी मेली भवानी," मोठीमाय म्हणाली.

मला उडी मारावीशी वाटत होती. पण मॅडम चित्र थोडं वर सरकवून थांबल्या. गळ्याच्या मधोमध, स्वरयंत्राच्या जागी, दोन ठिपके होते. पिवळे, ठळक. पहिल्या चित्रात ते नव्हते.

"सुई दिल्यावर त्या बोलल्या होत्या का?" त्यांनी विचारलं.

मी मोठीमायकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. "नाही," ती म्हणाली. "एक शब्द बी नाही."

मॅडम म्हणाल्या की हे बहुतेक काळजीचं नसावं, पण नवीन जागी नवा उजेड आहे, तो तसाच सोडता येणार नाही. स्कॅनच्या डॉक्टरांशी आणि बाकीच्यांशी मॅडम डॉक्टरांच्या बैठकीत बोलतील. गरज वाटली तर घशात दुर्बीण घालून बघावं लागेल. पुढची फेरी त्याच औषधाची की वेगळ्या, तेही त्यानंतरच. "मी फोन करते."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसलो. "नवीन जागी" हे दोन शब्द डोक्यातून जात नव्हते. मोठेबा डोळे मिटून होते, पण झोपलेले नव्हते. कारंज्याला चहा प्यायल्यावर मोठीमायला जरा तरतरी आली आणि ती भुलाबाईचं गाणं गुणगुणायला लागली. मग आपल्याशीच म्हणाली, "त्या पोरीले मात्र एका तासात पाठ झालं. आपल्या गल्लीतल्या ठोंब्याच."

मी वळलो. "कोन्या पोरीले?"

ती पदर सारखा करायला लागली.

"मोठीमाय. कोन्या पोरीले?"

"होती एक. पडद्याच्या पलीकडं."

"तू बोलली तिच्यासंगं?"

"बोलली नाही." मग खूप हळू आवाजात, "गायली."

मोठेबांनी डोळे उघडले.

तिने सांगितलं ते असं. पडद्यापलीकडे माझ्याएवढीच एक पोरगी होती, कॉलेजातली. पहिल्यांदा आलेली. आई बाहेर बसलेली, आत येऊ देईनात. ती मुसमुसत होती. मोठीमायने थोडा वेळ सहन केलं. मग फक्त गाव विचारलं. केनवड निघालं. "केनवड म्हंजे आपलंच झालं ना!" मग विचारलं, तुमच्याकडं भुलाबाई बसते का? बसते म्हणाली, पण गाणी येत नाहीत. "मंग मी म्हनलं, रडून काय करतं, दोन गाणी शिकून घे. हळू आवाजात म्हनलं वो, सिस्टरले ऐकू न जाय असं. पाची गाणी झाली. तिचं रडणं थांबलं."

"बोलायचं नाही असं सांगितलं होतं ना!" मी जवळजवळ ओरडलोच. कंडक्टरने मागे वळून बघितलं.

"बोलू नोको सांगतलं व्हतं. गाऊ नोको कोनं सांगतलं?"

"अन् मॅडमले खोटं काहून सांगतलं?"

"त्या पोरीले बोलले असते ना. अन् मले वाटलं, सारं पुन्हा कराले लावतीन. आधीच भुलाबाईचे दोन दिवस गेले."

मोठेबा खूप वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "बावा, मी म्हनलंच व्हतं. एक तास!" आणि ते हसायला लागले. माझे मोठेबा, ज्यांचं हसणं मी हातावर मोजण्याइतकं ऐकलं आहे, ते एसटीत पोट धरून हसत होते. समोरच्या सीटवरच्या बाईने काय झालं विचारलं, आणि मोठीमायने तिला सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं.

मला मात्र धड हसता येत नव्हतं. मी मॅडमच्या असिस्टंटचा नंबर लावला. उचलला नाही. मग इंग्रजीत मेसेज लिहिला. तीनदा खोडून पुन्हा लिहिला. पेशंट सुईनंतर जवळजवळ तासभर गात होती, आम्हाला आत्ता कळलं, कृपया मॅडमना सांगावं. 'गात होती' लिहिताना मला लाज वाटली. कोणाला खरं वाटेल? मेसेज पोहोचल्याच्या दोन खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात एक शंका उरली होती. गाण्याने उजेड येतो हे खरं. पण तोच उजेड गाण्याचाच आहे, हे मी कोण ठरवणार? मी बीएस्सी दुसऱ्या वर्षाचा.

त्यानंतरचे दिवस सोयाबीनच्या सोंगणीचे. आई-बाबा शेतात, मी सकाळी वाशीमला कॉलेजात आणि दुपारनंतर शेतात. मोबाइल खिशात ठेवायचा की झाडाला पिशवीत लटकवायचा, यावर रोज माझं बाबांशी वाजायचं. मोठीमायला कोणी काही काम करू देत नव्हतं, म्हणून ती बांधावर बसून सगळ्यांना काम सांगायची. तिला भीती वाटत होती का, हे मी विचारलं नाही. फक्त एवढं दिसलं की संध्याकाळी पोरींना गाणी शिकवताना ती स्वतः म्हणायची नाही. ओठ हलवायची आणि टिपरीने ठेका धरायची. पोरी म्हणायच्या, "मोठीमाय, तू बी म्हन ना," तर म्हणायची, "माहा गळा सुट्टीवर हाय."

हे मला सहन होत नव्हतं.

कोजागिरीच्या आधीची ती संध्याकाळ. गाणी संपली होती, खाऊची वेळ झाली होती. मोठीमाय दुपट्टा बांधून ओट्यावर बसली होती, मांडीवर डबा. पोरी भोवती दाटलेल्या. "चिवडा!" "नाही." "मुरमुऱ्याचे लाडू!" "नाही." "मोठीमाय, हलव ना जोरानं!" "हलवूनच राह्यली, तुमचे कान कुठं गहाण टाकले?" आणि माझा फोन वाजला. नंबर नागपूरचा होता.

आमच्या ओट्यावर रेंज एकाच कोपऱ्यात येते. मी तिथे जाऊन भिंतीला चिकटून उभा राहिलो. मॅडम स्वतः होत्या.

"तुमचा मेसेज मी बैठकीत वाचून दाखवला," त्या म्हणाल्या. "स्कॅनच्या डॉक्टरांनी विचारलं, कोणती गाणी?"

"भुलाबाईची," मी कसंबसं म्हणालो.

तिकडे हसण्याचा आवाज आला. "तेही वऱ्हाडातलेच, अकोल्याकडचे आहेत. त्यांच्या आईकडेही बसते."

मोठीमाय माझ्याकडे बघत होती. डबा हलायचा थांबला होता. तिला थांबलेलं बघून पोरीही गप्प झाल्या. मोठेबा गोठ्यातून येऊन दाराशी उभे राहिले होते. मॅडम पुढे बोलत होत्या आणि मी ऐकत होतो, आणि माझ्या चेहऱ्यावर काय दिसत होतं मला माहीत नाही, पण मोठीमायने हात वर करून मला खूण केली.

"थांब. सांगू नोको," ती म्हणाली. "आधी मले ओयखू दे. गोड का खारं?"

मी फोनवर हात ठेवला. "गोड."

"सारंच गोड का अर्धंच?"

"सारंच."

"मंग आता सांग. मोठ्यानं सांग, पोरीइले बी ऐकू जाऊ दे."

मी फोन स्पीकरवर टाकला, आणि मॅडमना विनंती केली की जे सांगितलं ते पुन्हा एकदा सांगा.

"ठिपके दोन्ही बाजूंना अगदी सारखे आहेत," मॅडमचा आवाज आमच्या ओट्यावर आला. "तासभर गायल्यावर गळ्याच्या स्नायूंचं असंच दिसतं. पुढच्या भेटीत खात्रीसाठी घसा बघून घेऊ, पण तो आजार नाही. बाकी सगळीकडची आग विझली आहे. औषध लागू पडलंय, उरलेल्या फेऱ्या त्याच औषधाच्या. आणि मावशींना सांगा, आता गायला हरकत नाही."